जपानी भयपटात संगीत ताण कसा उभा करते: एका प्रसंगाचे ध्वनिकाम, टप्प्याटप्प्याने

मासाकी कोबायाशी यांच्या 1964 च्या 'क्वाइदान' या चित्रपटात चार भूतकथा आहेत आणि त्यांतली पहिली 'काळे केस' या नावाची आहे. गरिबीला कंटाळून बायकोला टाकून गेलेला एक सामुराई बऱ्याच वर्षांनी तिच्याकडे परत येतो. पडक्या घरात ती त्याची वाट पाहत असते, दोघांची रात्र सुखात जाते आणि सकाळी जाग आल्यावर त्याला शेजारी दिसतो तो सांगाडा आणि त्याचे लांबसडक काळे केस. मग तो घरभर सैरावैरा धावत सुटतो. कुजलेल्या फळ्या त्याच्या पायाखाली मोडतात, तो दारांवर, भिंतींवर आदळतो, पण त्याच्या पावलांचा किंवा आदळण्याचा आवाज आपल्याला येत नाही. येतो तो लाकूड उभे चिरत गेल्याचा कडाका, आणि तोही फळी मोडते त्या क्षणी येत नाही. कधी नंतर येतो, कधी आधी येतो, तर कधी पडद्यावर काहीच मोडत नसताना येतो.

या चित्रपटाचे संगीतकार तोरू ताकेमित्सू (1930–1996). नव्वदहून अधिक चित्रपटांना संगीत देणाऱ्या या माणसाने पुढे एका माहितीपटात 'क्वाइदान'बद्दल सांगितले, त्याचा आशय असा: संगीत सतत 'सावध राहा, घाबरा' असे बजावत राहिले, तर ताण नाहीसा होतो, एखाद्याला मागून जाऊन दचकवायचे असेल, तर आधी आपण गप्प राहावे लागते. जपानी भयपटाच्या ध्वनिकामाचे मर्म मला याच बोलण्यात सापडले. पुढचे सगळे टप्पे म्हणजे, हे गप्प राहणे प्रत्यक्ष टाइमलाइनवर कसे करायचे याची उकल आहे.

हे मार्गदर्शन लघुपट करणाऱ्यांसाठी, त्यांच्या साउंड डिझायनरसाठी आणि पार्श्वसंगीताकडे वळलेल्या वादकांसाठी आहे. उदाहरणासाठी चार मिनिटांचा एक साधा प्रसंग धरू: एक बाई रात्री बऱ्याच दिवसांच्या बंद घरात शिरते, दोन खोल्या ओलांडते, तिसऱ्या खोलीच्या दारापाशी थांबते आणि दार उघडते. लागणारी सामग्री म्हणजे एखादा साधा रेकॉर्डर, हेडफोन आणि एडिटिंगचे कोणतेही सॉफ्टवेअर. विकतची 'हॉरर साउंड'ची लायब्ररी सुरुवातीला उघडूच नये, कारण तिच्यातले आवाज ऐकणाऱ्याच्या ओळखीचे झालेले असतात आणि ओळखीच्या आवाजाची कोणी वाट पाहत नाही.

पहिला टप्पा: प्रसंग मुका पाहणे

आवाज पूर्ण बंद करून प्रसंग तीनदा पाहावा. पहिल्यांदा नुसता पाहावा. दुसऱ्यांदा, आपले स्वतःचे लक्ष पडद्याच्या कोणत्या भागाकडे ओढले जाते ते वेळेसह कागदावर लिहावे. तिसऱ्यांदा, प्रत्येक नोंदीसमोर बाईला काय ठाऊक आहे आणि प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, हे लिहावे. जिथे प्रेक्षकाला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तिथे संगीताची गरज बहुधा नसते. चित्रच ते काम करत असते. जिथे दोघांनाही काही ठाऊक नाही, तिथेच आवाजाला जागा आहे. चार मिनिटांच्या प्रसंगात अशा जागा तीन-चारपेक्षा जास्त सापडल्या, तर पुन्हा पाहावे.

दुसरा टप्पा: आधी काढून टाकणे

माझ्या पहिल्या लघुपटात मी चार मिनिटांच्या प्रसंगाखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक घुमणारा खर्ज घातला होता. हेडफोनवर तो मला भारून टाकणारा वाटला. सभागृहात मात्र दुसऱ्या मिनिटाला लोक खुर्च्यांत सैलावले, आणि दार उघडले तेव्हा मागच्या रांगेतले दोघे आपापसात बोलत होते. एकसारखा चाललेला आवाज कान थोड्याच वेळात बाजूला टाकतो. पंख्याचा आवाज आपल्याला जाणवतो तो पंखा बंद झाल्यावर. तेव्हापासून मी काम उलट्या बाजूने सुरू करतो: आधी सगळे नैसर्गिक आवाज भरतो आणि मग ते एकेक करून काढत जातो.

प्रत्यक्षात हे असे करावे. प्रसंगाच्या सुरुवातीला घराचे सगळे आवाज नीट लावून घ्यावेत: बाहेरच्या रातकिड्यांची किरकिर, दूरच्या रस्त्यावरून जाणारे एखादे वाहन, नळाची टिपटिप, साडीची सळसळ, पावले आणि त्या खोलीचा स्वतःचा रूम टोन, म्हणजे कोणी काही करत नसतानाही खोलीत असणारा बारीक आवाज. प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा. मग बाई पहिल्या खोलीतून दुसरीत जाते तेव्हा रातकिडे हळूहळू ओसरू द्यावेत. हे ओसरणे इतके सावकाश असावे की ते कधी थांबले हे प्रेक्षकाला सांगता येऊ नये. वीस-पंचवीस सेकंदांचा फेड बहुतेक वेळा पुरतो. दुसऱ्या खोलीच्या मध्यावर वाहन आणि नळ गेलेले असावेत. तिसऱ्या दाराच्या अलीकडे साडीची सळसळ जावी. पावले सर्वांत शेवटी जावीत, आणि ती मात्र फेड न करता एका पावलानंतर सरळ थांबवावीत. बाई चालत असते, पाय जमिनीला टेकताना दिसतात आणि आवाज नसतो. 'काळे केस'मधल्या धावण्यात हेच घडते: माणसाच्या शरीराला वजन उरलेले नाही असे वाटू लागते, म्हणजे त्या घरात भूत कोण आणि जिवंत कोण हा प्रश्न एकही शब्द न बोलता उभा राहतो.

एक खबरदारी इथे घ्यावी लागते. सगळे ट्रॅक शून्यावर आणले, की प्रेक्षकाला वाटते, आवाजाची यंत्रणा बिघडली. म्हणून रूम टोन कधीच पूर्ण काढू नये. तो नेहमीच्या पातळीपेक्षा बारा ते अठरा डेसिबलनी खाली ठेवावा. शांततेलाही एक पोत असावा लागतो.

तिसरा टप्पा: एकच द्रव्य निवडणे

ताकेमित्सूंनी 'काळे केस'साठी ठरवले की ऐकू येणाऱ्या आवाजांना लाकडाचा गुण असावा, कारण गोष्ट एका जुन्या लाकडी घराची आहे. त्यांनी खरे लाकूड फोडून, चिरून, सुऱ्याने फाडून ध्वनिमुद्रण केले आणि त्या तुकड्यांतून संगीत रचले. लाकडाचा कडाका हा तिथे घराचा आवाजही आहे आणि वाद्यही आहे. पार्श्वसंगीत कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. प्रेक्षकाला संगीत वेगळे ओळखता आले की तो मनातल्या मनात म्हणतो, 'आता काहीतरी होणार', आणि सुरक्षित होतो. ही ओळख पटू न देणे हे या टप्प्याचे काम आहे.

म्हणून आपल्या प्रसंगातले घर कशाचे आहे, तिथे कोणती वस्तू सर्वांत जास्त दिसते, ते पाहावे आणि एकच द्रव्य धरावे: लाकूड, पाणी, पत्रा, कापड किंवा काच. समजा लाकूड धरले. मग एक दुपार फक्त ध्वनिमुद्रणाला द्यावी. वाळलेला बांबू कोयत्याने उभा चिरावा. सुरुवातीची 'चर्र', मध्ये पेर लागल्यावरचा अडखळा आणि शेवटी दोन फाळी सुटतानाचा 'काडकन' हे तीन आवाज वेगवेगळे कामास येतात. जुन्या दाराची बिजागरी अतिशय सावकाश फिरवावी. लाकडी पाटावर नखे ओढावीत. खुंटी फळीत पिळावी. माइक एका हाताच्या अंतरावर ठेवून एकदा आणि अगदी टेकवून एकदा, असे प्रत्येक आवाजाचे दोन मुद्रण घ्यावे. लांबचे मुद्रण खोलीचे वाटते, जवळचे कानाच्या आतले वाटते, आणि प्रसंग पुढे सरकेल तसे एकातून दुसऱ्यात जाता येते.

मग हे तुकडे निम्म्या वेगाने वाजवून पाहावेत. वेग निम्मा झाला की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि लांबीला दुप्पट होतो. बांबूची 'चर्र' एखादे मोठे झाड वाकावे तशी ऐकू येते. उलटे वाजवूनही पाहावे: कडाका आधी श्वासासारखा फुगत येतो आणि एकदम तुटतो. मात्र पंचवीस-तीस तुकडे मुद्रित केले, तरी प्रसंगात सहा-सातच वापरावेत.

दुसरे द्रव्य आणायचेच असेल, तर ते पहिल्याचा विरोध करणारे असावे. चित्रपटाच्या दुसऱ्या, हिमस्त्रीच्या कथेत लाकूड नाही. तिथे शाकुहाची या बांबूच्या बासरीचा आवाज इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेतून बदलून घेतला आहे, इतका की वारा आणि बासरी वेगळे काढता येत नाहीत.

चौथा टप्पा: सुराला खरखर देणे

या टप्प्यावर मराठी वाचकाजवळ एक आयती शिदोरी आहे. 'क्वाइदान'च्या तिसऱ्या कथेत, होइची नावाच्या आंधळ्या गायकाच्या कथेत, बिवा हे तंतुवाद्य मध्यवर्ती आहे. 1185 मध्ये दान-नो-उरा इथल्या सागरी युद्धात बुडालेल्या हेइके घराण्याचे मृत योद्धे होइचीला रात्री बोलावून घेतात आणि आपल्याच पराभवाची गाथा त्याच्याकडून ऐकतात. चित्रपटासाठी बिवा वाजवली किन्शी त्सुरुता यांनी. पुढे 1967 मध्ये ताकेमित्सूंनी बिवा, शाकुहाची आणि वाद्यवृंद यांच्यासाठी जी विख्यात रचना केली, तिच्यातही त्याच होत्या. या वाद्याची तार त्याच्या दांडीवरच्या पडद्यावर पुसट घासत राहते आणि प्रत्येक आघाताबरोबर एक झणझणती, मधमाशीच्या गुंजनासारखी खरखर उठते. तिला जपानीत 'सावारी' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'स्पर्श'.

तानपुऱ्याची जवारी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून आणि तारेखाली दोरा सरकवून जो गुंजणारा, पसरट सूर जुळवतात, त्याचीच ही दूरची बहीण आहे. हातात बिवा घेतलेली जपानी देवी बेन्झाइतेन ही मुळात आपली सरस्वती आहे, हे कळल्यावर हे नाते आणखी जवळचे वाटते. फरक वापरात आहे. आपल्याकडे जवारी गायकाला आधार देते, ती अखंड असते आणि तिच्यात बसून मन शांत होते. बिवेवर मोठ्या पंख्यासारख्या लाकडी नखीचा एकच आघात होतो, कधी नखी तारेबरोबर वाद्याच्या अंगावरही आपटते, खरखर उठते आणि विरत विरत जाते. पुढचा आघात केव्हा येईल हे सांगता येत नाही. आवाज तोच, पण आधार काढून घेतलेला.

तेव्हा प्रयोग असा करावा. तानपुऱ्याची एकच तार छेडून ती पूर्ण विरेपर्यंत मुद्रण करावे, मग दोरा थोडा थोडा सरकवत आठ-दहा मुद्रणे घ्यावीत, जवारी बिघडलेल्या जागाही त्यात घ्याव्यात. प्रसंगासाठी यांतली सर्वांत सुरेल दोन आणि सर्वांत बिघडलेली दोन निवडावीत. घर ओळखीचे वाटते आहे तोवर सुरेल आघात वापरावा. बाई दाराजवळ जाईल तसा तोच सूर बिघडलेल्या जवारीचा करावा. सूर बदललेला नाही, फक्त त्याचा पोत फाटला आहे, आणि कान ते लगेच टिपतो. कानाच्या या सावधपणाला शारीरिक कारण आहे. माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा झपाट्याने कमी-जास्त होत असते, आणि असा खरखरीतपणा मेंदू धोक्याची सूचना म्हणून पकडतो.

जाता जाता स्वरांविषयी. जपानी भयपटाचे संगीत म्हटले की अनेक जण 'जपानी स्केल' शोधू लागतात. त्या संगीतातली एक मुख्य पंचस्वरी मांडणी म्हणजे सा, कोमल रे, म, प आणि कोमल ध; हेच पाच स्वर आपल्या गुणक्री रागाचे आहेत. गुणक्री ऐकताना कोणाला भीती वाटत नाही. भीती स्वरावलीत शोधण्यात वेळ घालवू नये. ती आघात, पोत आणि अंतर यांत असते.

पाचवा टप्पा: तळाचा सूर

खर्ज पूर्ण वर्ज्य नाही, पण त्याला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची निश्चित वेळ हवी. दोन शुद्ध सूर जवळजवळ ठेवले, उदाहरणार्थ 110 आणि 111.5 हर्ट्झ, तर सेकंदाला दीड या गतीने आवाज फुगतो आणि बसतो. हे स्पंदन हृदयाच्या ठोक्यांसारखे वाटते. बाई दाराशी थांबण्याच्या चाळीसेक सेकंद आधी हा सूर अगदी खालून आत आणावा आणि ती थांबते त्याच क्षणी एकदम तोडावा. तो होता हे प्रेक्षकाला तो गेल्यावर कळते. खर्ज फार खाली ठेवू नये, कारण फोनच्या स्पीकरमधून साधारण 200 हर्ट्झच्या खालचे फारसे काही येत नाही. त्यावर किंचित सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली हलकी विकृती) घालून वरचे उपस्वर उठवावेत, म्हणजे छोट्या स्पीकरवरही त्याची सावली राहते.

सहावा टप्पा: 'मा', म्हणजे मधली जागा

दोन आघातांमधल्या, दोन खांबांमधल्या, दोन माणसांमधल्या अंतराला जपानीत 'मा' म्हणतात. त्या अक्षराच्या चित्रात एक दरवाजा आहे आणि त्याच्या फटीतून सूर्य दिसतो आहे. नोह या जपानी मुखवटानाट्यात ढोलकीवादक आघाताच्या आधी 'यो', 'हो' अशी लांबवलेली आरोळी देतो; आरोळी लांबते तसा आघात पुढे ढकलला जातो, आणि ऐकणारा त्या लांबलेल्या जागेत अडकून राहतो. आपल्याकडच्या तबल्यात समेवर यायची वाट पाहण्याचा आनंद असतो, कारण सम येणारच ही खात्री असते. इथे ती खात्रीच डळमळीत करायची असते.

टाइमलाइनवर हे शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एकच आघात, म्हणा लाकडावर लाकूड, घेऊन त्याची अंतरे बदलत राहणे. पहिला आघात शून्यावर, दुसरा चार सेकंदांनी, तिसरा तीन, चौथा सव्वादोन, पाचवा दीड, सहावा एक सेकंदाने, आणि पुढे आणखी जवळ जवळ. जपानी दरबारी संगीत गागाकूमध्ये काक्को नावाचा छोटा ढोल असाच वेग धरत जातो आणि काठ्यांचे आघात शेवटी एकमेकांत मिसळतात. कान हा हिशेब फार चटकन शिकतो. पाचव्या-सहाव्या आघाताला पुढचा केव्हा येणार हे श्रोत्याच्या शरीराला ठाऊक झालेले असते. याच जागी शेवटचा आघात काढून टाकावा. जिथे तो यायचा तिथे फक्त रूम टोन राहू द्यावा, दोन, तीन, अगदी पाच सेकंदांपर्यंत. बाईचा हात कडीकडे जातो आहे. प्रेक्षक न आलेला आघात स्वतः पुरा करू पाहतो आणि तो पुरा होत नाही.

ही पोकळी किती लांब असावी याचे कोष्टक नाही. मी उभा राहून, डोळे मिटून, श्वास रोखून ऐकतो. श्वास सोडावासा वाटतो त्याच्या किंचित पुढे पुढचा आवाज ठेवतो. बसून, चहा पीत ठरवलेली पोकळी नेहमी आखूड पडते, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

सातवा टप्पा: चित्र आणि आवाज यांची फारकत

आता सुरुवातीच्या दृश्याकडे परत जाऊ. फळी मोडली आणि कडाका नंतर आला, याने प्रेक्षकाच्या मनात काय होते? डोळा आणि कान जगाविषयी एकच गोष्ट सांगतील, असे आपण जन्मभर धरून चाललेलो असतो. दोघे वेगवेगळे सांगू लागले, की कोण खरे हे ठरवता येत नाही, आणि त्या घरातल्या सगळ्याच गोष्टी संशयास्पद होतात.

चित्र सेकंदाला 24 फ्रेमचे असेल, तर दोन-तीन फ्रेमची तफावत चूक वाटते आणि प्रेक्षक तिच्यावर चिडतो. आठ ते चौदा फ्रेम, म्हणजे सुमारे एक तृतीयांश ते अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त, एवढी तफावत अस्वस्थ करते. दोन सेकंदांच्या पुढे गेले की तो आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटू लागतो, आणि प्रसंगात दुसरे कोणी आहे असे सुचवायचे असेल तर ही चाल फार उपयोगी पडते. आपल्या प्रसंगात बाई कडी काढते तेव्हा कडीचा आवाज बारा फ्रेम उशिरा द्यावा. ती दार ढकलते तेव्हा बिजागरीचा आवाज देऊच नये. दार थांबल्यावर, ती स्थिर उभी असताना, बिजागरी करकरावी.

फारकत करण्याआधी प्रसंगाच्या पहिल्या मिनिटात चित्र आणि आवाज अगदी काटेकोर जुळलेले असले पाहिजेत. विश्वास बसला नसेल तर तो मोडता येत नाही, आणि घाईने केलेल्या कामात हीच बाजू लंगडी राहते.

आठवा टप्पा: येणाऱ्याची खूण

काबुकी या जपानच्या पारंपरिक रंगभूमीवर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला काळ्या पडद्याआड वादक बसतात. भूत येणार असले की बासरीवर 'ह्यू' असा लांब, थरथरता सूर निघतो आणि मोठ्या ढोलावर लांब काठ्यांनी अगदी हलके 'दोरो दोरो दोरो' असे वाजू लागते. हे इतके रूढ आहे की 'ह्यूदोरोदोरो' हा शब्दच भुताच्या आगमनासाठी वापरला जातो. हलक्या वादनाला 'उसुदोरो' म्हणतात, मोठ्या वादनाला 'ओदोरो'. त्याच ढोलावर कापडाने मढवलेल्या काठीने मंद, समान अंतराचे आघात दिले, की रंगमंचावर बर्फ पडतो आहे असे समजायचे. बर्फ पडताना आवाज होत नाही. तरी त्याला आवाज दिलेला आहे, आणि ऐकणाऱ्याला थंडी जाणवते. आवाजाने वस्तूची नक्कल करावी हा आग्रह जपानी रंगभूमीने केव्हाच सोडून दिला होता, आणि भयपटांना हा वारसा आयता मिळाला.

आधुनिक चित्रपटांनी ढोलाच्या जागी घरातल्या वस्तू आणल्या. हिदेओ नाकाता यांच्या 1998 च्या 'रिंगू'मध्ये ती खूण टेलिफोनची घंटा आहे. शापित व्हिडिओ पाहिल्यावर फोन वाजतो आणि सात दिवसांनी मरण येते, ही अफवा दोन मुली एकमेकींना सांगत असतात. तेवढ्यात घरातला फोन वाजतो. दोघी गारठतात. फोन आईचा निघतो. प्रेक्षक हसून सुटतो, पण घंटेचा अर्थ कायमचा बदललेला असतो. पुढे चित्रपटात कुठलाही फोन वाजला की पोटात गोळा येतो, आणि त्यासाठी संगीतकार केंजी कावाई यांना एकही सूर खर्च करावा लागत नाही. शापित व्हिडिओखाली घासणाऱ्या धातूचा जो किंचाळता आवाज आहे, तोही असाच खुणेसारखा काम करतो. 'जू-ऑन' या भयपटातल्या कायाको या भुताच्या घशातली घरघर खुद्द दिग्दर्शक ताकाशी शिमिझू यांनी काढली आहे. माणसाचाच आवाज, फक्त त्यातले बोलणे नाहीसे झालेले.

आपल्या प्रसंगासाठी खूण अशी घडवावी. तिसऱ्या टप्प्यातल्या तुकड्यांमधून एक निवडावा, समजा खुंटी पिळल्याचा छोटा आवाज. तो पहिल्यांदा द्यावा तेव्हा त्याचे कारण पडद्यावर स्पष्ट दिसावे: बाई खुंटीला पिशवी अडकवते. दुसऱ्यांदा तोच आवाज दुसऱ्या खोलीत यावा. कारण दिसू नये, पण असू शकेल असे वाटावे. तिसऱ्यांदा तो अशा जागी यावा जिथे कारण असणे शक्यच नाही, दाराच्या पलीकडून. तिन्ही वेळा आवाजाची पातळी सारखीच ठेवावी. तिसऱ्यांदा तो मोठा करण्याचा मोह होतो, आणि तिथेच खूण हातची जाते.

नववा टप्पा: धक्का

दचकवणारा मोठा आवाज चार मिनिटांत फार तर एकदा यावा, किंवा येऊच नये. दचकणे ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. ती लगेच ओसरते आणि पुन्हा पुन्हा केली तर बोथट होते. द्यायचाच असेल, तर नोह नाट्यातल्या नोकान बासरीची 'हिशिगी' ऐकून पाहावी. या बासरीच्या आत एक बारीक नळी बसवलेली असते, त्यामुळे जोराने फुंकल्यावर मिळणारे सप्तक सरळ लागत नाही, आणि सर्वांत वरचा, तीक्ष्ण सूर ही हिशिगी. तिच्यामागे काहीच नसते, कसलेही भरीव वादन नसते. एकच रेघ ओढल्यासारखी ती येते आणि संपते. वाद्यवृंदाचा दणका देण्यापेक्षा अशी एक उघडी रेघ जास्त खोल जाते, असे माझे मत आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे 1964 चाच, कानेतो शिंदो यांचा 'ओनिबाबा'. तिथे हिकारू हायाशी यांचे ढोल आणि जॅझची वाद्ये मोकळेपणाने गर्जतात आणि तरी ताण सुटत नाही, कारण माणसापेक्षा उंच गवताची सळसळ सतत भोवती आहे आणि त्या गवतात धावणाऱ्यांच्या वासनेला ते ढोल वेग देतात. मोठा आवाज चालतो, फक्त तो कोणाच्या शरीरातून येतो आहे हे ठरलेले असावे लागते.

दहावा टप्पा: मिश्रण आणि चाचणी

सगळे बसवून झाले की दोन दिवस काम बंद ठेवावे. मग प्रसंग तीन प्रकारे ऐकावा. प्रथम चित्र झाकून, अंधारात, नुसता आवाज: बाई कुठे आहे आणि दार कोणत्या बाजूला आहे हे ऐकूनच कळले पाहिजे. नंतर फोनच्या स्पीकरवर, दिवसा, घरात माणसे वावरत असताना. या परीक्षेत जी पोकळी टिकते ती कुठेही टिकते. शेवटी प्रसंग आधी न पाहिलेल्या तीन-चार जणांना दाखवावा आणि या वेळी आपण पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघावे. खांदे केव्हा वर जातात, हात केव्हा तोंडाकडे जातात, पाणी प्यायला बाटली केव्हा उचलली जाते, हे वेळेसह टिपावे. बाटली उचलली गेली त्याच्या पाच-दहा सेकंद आधी एखादा आवाज जास्त झालेला असतो. तो शोधून काढावा. त्याजागी नवा आवाज घालू नये.

आणि दार उघडल्यानंतरचे दहा सेकंद. बहुतेक जण इथे संगीताचा कळस करतात. त्याऐवजी दुसऱ्या टप्प्यात काढलेले आवाज आता परत आणावेत, जसे गेले त्याच्या उलट क्रमाने: आधी साडीची सळसळ, मग नळाची टिपटिप, मग दूरचे वाहन, शेवटी रातकिडे, सगळे आपापल्या मूळ पातळीवर. घर पुन्हा पहिल्यासारखे वाजू लागते. फक्त पावले परत आणू नयेत.